रविवारचं चाक

बस, अकाम्पा. स्टुलावर नको, खाली पोत्यावर,
म्हणजे चाक डोळ्यांसमोर येईल.
चर्चचा शर्ट काढून ठेवलास ना?
बुशेरा मगमध्ये झाकून ठेवलाय. हात धुतल्याशिवाय मिळणार नाही.

सहा दिवस ही बोडा तुझी.
सातव्या दिवशी माझ्या अंगणात
मधल्या स्टँडवर उभी राहते
आणि बोलते.

आधी रॉडचा नट. मग एक्सलचा.
तो नव्हे, मोठा पाना.
पिन गवतात हरवेल, दातांत धर.
तिबेंदेराना दातांतच धरायचा,
तेवढा वेळ तरी गप्प असायचा.

लोक अजून विचारतात मला,
उतारावर गेला का? ब्रेक लागले नाहीत का?
ताप होता. नऊ दिवसांचा.
गाडी दारात उभी होती,
शू नवेकोरे.

निघालं. थांब,
फुंकू नकोस!
ही काळी धूळ एकदा छातीत शिरली
की भाडं न देता राहते.
ओलं फडकं घे. दाबून पूस.
फडकं चुलीत नाही टाकायचं, खड्ड्यात.

आता बघ.
घडातल्या जुळ्या केळ्यांसारखे दोन शू,
स्प्रिंगांनी एकमेकांना बांधलेले.
लायनर बघ. चकाकतंय, काचेसारखं.
तू म्हणाला होतास, गावातच फिरवतो,
बाजार ते बसस्टँड, बसस्टँड ते बाजार.
बाजाराच्या रस्त्यानं लायनर असं जळत नाही.
वास घे.
हा बुन्योन्यीच्या तळ्याकडचा उतार.
गिअर खाली घेतला नाहीस,
सगळं ओझं पायानं दाबून धरलंस,
मागे बटाट्याचं पोतं आणि माणसं.
किती? बोटांनी दाखव.
तीन.
बरं.

मान खाली घालू नकोस, काम आहे.
रोजचे पैसे तू वेळेवर देतोस,
ते मोजताना तू मला कळत नाहीस.
इथं कळतोस.

नख फिरव ड्रमच्या आतून. अडतं?
कड आलीय, आपल्या डोंगरावरच्या बांधासारखी.
अजून दोन-तीन महिने चालेल.
माझं नख नको लावायला, माझी नखं मातीनं खाल्लीत.
पॉलिश पेपर आडवा घास, तिरका घास,
चकाकी जाऊ दे, लायनर नको जायला.
कॅमला ग्रीस ज्वारीच्या दाण्याएवढं.
तेच बोट लायनरला लागलं
तर नवे शू, आणि पैसे तुझे.

खिडकीतला तो दूध पावडरचा डबा दे इकडे.
हे सगळे त्याचे. पाठीवर खिळ्यानं कोरलेले महिने.
हे बघ किती सारखे झिजलेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
पातळ, पण शांत.
असा उतरायचा तो.

ही एक जोडी जळालेली आहे.
जून ते ऑगस्ट.
ते तीन महिने एवढ्या घाईनं
कुठल्या उताराला जात होता,
मी विचारलं नाही.
तेव्हा मी टॉर्च धरली होती. त्यानं पुसलं, मी बघितलं,
त्यानं मी बघितलेलं बघितलं.
पुढची जोडी परत सारखी झिजली.
ठेव डबा जागेवर.

चढव चाक. नट आवळायच्या आधी
पाय दाब ब्रेकवर, दाबून धर,
शू आपापली जागा शोधतात.
आता आवळ.
मागच्या नटाला अर्धा फेरा. अजून थोडा.
पायाखाली दोन बोटं ढील हवी, जास्त नको.

फिरव.

ऐकलंस? खस्... खस्...
कुणी दूरच्या खोलीत झाडतंय असं.
तू सैल करशील, कमाई वाटते म्हणून, पण राहू दे एवढा आवाज.
अगदी गप्प चाक मला आवडत नाही.

उद्या तळ्याकडे जाशीलच,
तर दुसऱ्या गिअरमध्ये उतर. आणि दोनच माणसं.

पिन काढ आता तोंडातून.
घाल जागेवर, पाय वाकव तिचे.
हं,
मघाशी काय सांगत होतास?